चार्जर आधी गप होतो

मधुवंती दुपारी फरशीवर आडवी पडते, डोळे मिटते आणि तारेतून चालत जाते. हे तिचेच शब्द आहेत, माझे नाहीत. कळमनुरीत नांदेड रस्त्याच्या मागच्या गल्लीत तिचं घर आहे, त्यावर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ही बाई जमिनीवर उताणी, छातीवर हात, पंखा बंद. मला वाटलं, आपल्याला वेळ देऊन झोपली. माझं डोकं तापायला एवढं पुरतं. मी मोठ्यानं खाकरलो.

"बसा भाऊ," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी आत्ता पाच व्होल्टवर आहे. नऊला पोचले की उठते."

मी बसलो. जिनिंगच्या कारखान्याकडून उडालेला कापसाचा एक तंतू खिडकीतून आत आला आणि टेबलावर तरंगत राहिला. खाली यंत्रांच्या आतल्या हिरव्या सर्किटच्या पाट्या उघड्या पडल्या होत्या, त्यांच्यावर तांब्याच्या बारीक रेषा, शेतातल्या पायवाटांसारख्या. तंतू एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर गेला. खोलीत आवाज नव्हता. मलाही उगाच वाटायला लागलं की आपण कुठल्या तरी लांब नळीच्या तोंडाशी उभे आहोत आणि आतून कुणाच्या तरी पावलांचा आवाज येतोय. मग ती उठली, संगणकावर एक ओळ लिहिली आणि म्हणाली, "हं. आता सांगा."

लोक मला विचारतात, "एवढी पुण्याला राहून आली, आता घरी बसून काय करून राहिली?" आपल्याकडं काम डोळ्यांना दिसलं नाही की ते काम नसतं. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

हल्लीच्या मोबाइल चार्जरचं चपटं टोक तुम्ही पाहिलंय, कसंही उलटसुलट लावलं तरी बसणारं. आपल्याला वाटतं, लावलं की वीज आली. तसं नाही. त्या केबलमध्ये एक बारीक तार अशी असते की तिच्यातून आधी नुसतं बोलणं होतं. चार्जर सांगतो, माझ्याकडं पाच व्होल्ट आहे, नऊ आहे, बारा आहे. समोरचं यंत्र सांगतं, मला नऊ दे. चार्जर म्हणतो, दिलं. हे बोलणं पार पाडायला यंत्रात एक लहानशी चिप असते, ज्वारीच्या दाण्याएवढी. पण ती चिप कुणाची, तिच्या पाठीमागं बॅटरी आहे की नाही, ती घेणार की देणार, हे यंत्र चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रणालीला आपोआप कळत नाही. ते एका फायलीत लिहून द्यावं लागतं. त्या फायलीला डिव्हाइस ट्री म्हणतात. मधुवंती ती फाइल लिहिते. यंत्राला त्याच्या स्वतःच्या अंगाची ओळख करून देणं, हे तिचं काम.

घरात मारुतीच्या देवळाची पूजा, वडील तहसीलमध्ये कारकून. पॉलिटेक्निक करून ती पुण्याला गेली, बसची तिकिटं काढणारी यंत्रं बनवणाऱ्यांकडं सहा वर्षं राहिली. टाळेबंदीत परत आली आणि मग गेलीच नाही. का नाही गेली, हे मी एकदा विचारलं. म्हणाली, "तिथं मला तारेतलं काही ऐकूच येत नव्हतं. खाली सारखी ट्राफिक." यापेक्षा जास्त कारण तिनं कधी दिलं नाही, आणि मला ते पटलेलं आहे.

माझी तिची गाठ पडली ती उकंडरावांमुळं. उकंडराव पुसेगावचे, हळदीचं रान आहे. घशात गाठ निघाली आणि नांदेडला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, जीव राहील, आवाज जाईल. त्यांची बायको शालूबाई काचबिंदूनं बारा वर्षांपासून आंधळी. आता विचार करा. माणसाला लिहिता येतं, सातवी शिकलेला आहे, पण लिहिलेलं बायकोला दिसत नाही. ती बोलू शकते, पण त्याचं उत्तर तिच्यापर्यंत पोचायला रस्ताच नाही. मी अपंगांच्या दाखल्यांसाठी बारा ऑफिसांचे उंबरे झिजवलेला माणूस, तरी अशी गाठ मी पाहिली नव्हती.

पुण्याची एक संस्था बोलके डबे देते असं कळलं. डब्यावर मराठी अक्षरांचा कळफलक, शब्द दाबला की डबा बोलतो. राज्यात बावीस डबे द्यायचे होते. बाविसावा मी भांडून मिळवला. आणि त्या डब्याच्या आतलं, बॅटरीचं आणि विजेचं सगळं काम मधुवंतीकडं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणून तिच्या खोलीत गेलो होतो. ती एका अटीवर पुसेगावला यायला तयार झाली. म्हणाली, "मशीनचा आवाज नको. त्यांचाच घालू. अजून आहे ना?"

दिवाळीच्या आधी तीन दुपारी ती उकंडरावांसमोर बसली आणि त्यांच्याकडून शब्द बोलून घेतले. पाणी, भाकर, शालू, व्हय, न्हाई, उद्या, काहून. हजारभर शब्द. उकंडराव लिंबाखाली बसून एकेक शब्द असा ठेवत होते, जणू शेवटचं पोतं उतरवून राहिलेत. शालूबाई आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "येवढे सबूद तर हे वर्षभरात बोलत न्हाईत. पुरतील मला."

ऑपरेशन झालं. दोन महिने घर मुकं राहिलं. संक्रांतीला डबा आला आणि उकंडरावांचा आवाज डब्यातून निघाला, शब्दाशब्दात थोडी जागा सोडून, जसं माणूस झोपेतून बोलतो. शालूबाईनं हात पुढं करून डबा चाचपला, मग नवऱ्याचा गळा चाचपला, आणि कामाला लागली.

चार दिवस डबा चालला. पाचव्या दिवशी मेला.

मधुवंतीनं तो कळमनुरीला आणला, उघडला, आपल्या टेबलावरच्या यंत्रातून बॅटरीला थोडी वीज दिली. डबा लगेच बोलायला लागला. संस्थेनं दिलेल्याच चार्जरवर लावला, भरला. काही दोष नाही. परत पोचवला. चार दिवस चालला, पाचव्या दिवशी मेला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मेला तेव्हा मी पुण्याला फोन केला. तिथला माणूस गोड बोलणारा. असल्या माणसांची मला जास्त चीड येते.

"हे लोक बॅटरी पूर्ण शून्यावर आणतात," तो म्हणाला. "माहितीपत्रकात लिहिलंय, वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. बाकीच्या एकवीस डब्यांची एक तक्रार नाही. ही वापरणाऱ्याची चूक आहे. अहवालात तसं टाकतो. डबा परत पाठवा, यादीत दुसरे लोक थांबलेत."

"माहितीपत्रक कुणाला दिलं? आंधळ्या बाईला?" मी म्हणालो. त्यानंतर जे म्हणालो ते छापण्यासारखं नाही. मधुवंतीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"शुक्रवारपर्यंत थांबा," ती त्याला म्हणाली. "अहवाल मी लिहिते. तुमचं खरं निघालं तर मीच तसं लिहीन आणि डबा स्वतः आणून देईन."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर उखडलो. "असं कसं लिहून देणार तू? त्या दोघांचं बोलणं तू त्याच्या हातात दिलं."

"दादागिरी करून डबा राहील भाऊ," ती म्हणाली, "बोलणार नाही. मला मेलेला डबा तिथं ठेवायचा नाहीये."

गुरुवारी सकाळी आम्ही गाडीवर पुसेगावला निघालो. हळद शिजवायचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेताशेतातून वाफ उठत होती आणि सगळ्या हवेला तो कच्चा, गरम, मातीचा वास. ऊन वाफेत शिरून पिवळं झालं होतं. मागं बसलेली मधुवंती हिंगोलीपासून गप्प होती. मला वाटलं घाबरली. सेनगावच्या फाट्याला म्हणाली, "आपण पण कुठल्या तरी पिवळ्या तारेतून चाललोय." मी गाडी जरा हळू केली.

उकंडराव अंगणात पसरलेल्या हळदीशेजारी बसले होते. डबा मांडीवर, मेलेला. नऊ दिवस झाले होते. त्यांनी हात वर करून नमस्कार केला आणि डब्यावर बोट वाजवून खांदे उडवले. शालूबाई ओसरीत बसून हळकुंडं निवडत होती, बोटांनी, मोठी एकीकडं, बारीक एकीकडं.

"आले का भाऊ? न् पोरगी बी आली वाटतं," ती म्हणाली. "माझ्याच हातानं झालं ते. डबा मीच मारला."

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुमीच परवा शेजाऱ्याला फोनवर मोठ्यानं सांगून राहिले व्हते ना, पुण्यावाला काय म्हनला ते. आयकू आलं मला सगळं."

माझ्या आवाजाचं मला काही करता येत नाही.

मधुवंती तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "काकू, तुम्ही डबा चार्जिंगला कधी लावता?"

"पुरा संपल्यावर. जरा जरी बोलत असला तरी लावू देत न्हाई. हे मागं लागतात, लाव लाव करून. मी म्हणते, बोलून राहिला ना अजून? मंग? बाजारातल्या मोबाइलवाल्यानं सांगितलंय, पुरी उतरू द्या, मगच लावा, बॅटरी वरसानुवरसं टिकते. आमच्या हितं सगळेच तसं करतात."

खरं आहे. सगळेच करतात. मीही करतो. आमच्या तालुक्यात हा सल्ला दवाखान्यातल्या गोळीपेक्षा जास्त पाळला जातो. ज्या वस्तूवर जीव आहे ती वस्तू जास्त काटेकोरपणे उपाशी ठेवायची. शालूबाईचा त्या डब्यावर फार जीव होता. शहरातले एकवीस डबे रात्री झोपताना आपसूक चार्जरला लागत होते, म्हणून ते कधी शून्याला पोचलेच नव्हते.

मधुवंतीचा चेहरा उतरला. पुण्याचा माणूस बरोबर निघत होता. तरी ती म्हणाली, "संपलेला डबा चार्जरला लावल्यावर काय होतं, ते मला बघायचंय. लावा तुम्ही, रोज लावता तसंच."

शालूबाईनं भिंत चाचपत चार्जर लावला, टोक डब्यात बसवलं. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. उकंडरावांनी माझ्याकडं बघून बोटं मोजायला सुरुवात केली. बारा. दिवा गेला. थोड्या वेळानं परत लागला. बारा मोजले, गेला. झोपेत कुणी श्वास घ्यावा तसं, लागायचा आणि जायचा. ते अंगण, ती वाफ, तो पिवळा उजेड, आणि त्यात हा हिरवा ठिपका जागा होतोय आणि परत बुडतोय. किती वेळ आम्ही पाहत होतो कोण जाणे.

मधुवंतीनं लॅपटॉप काढला, डब्याच्या आतल्या तीन टोकांना तीन वायरी लावल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या, डबा उठताना काय काय करतोय ते सांगत, आणि मध्येच तुटायच्या. ती पुटपुटली, "जीव नाही बॅटरीत. उठायचा जोर लावतो आणि पडतो. चार्जरला वाटतं समोर कुणी नाही, म्हणून तो सोडतो. म्हणजे..."

"न्हाई," शालूबाई म्हणाली.

"काय न्हाई, काकू?"

"डबा आधी पडत न्हाई. चार्जर आधी गप होतो."

मधुवंतीनं वर पाहिलं. "चार्जरचा आवाज येतो तुम्हाला?"

"तुमाला येत न्हाई व्हय? बारीक शीळ हाय त्याची. डास असतो ना दूर, तशी. आन् डब्यातून घुर्र येते. आधी शीळ जाते. मंग घुर्र जाते. दर बारीला. नऊ दिस तेच आयकून राहिले ना मी, दुसरं काय व्हतं आयकायला?"

मी कान लावला. मला शिजणाऱ्या हळदीच्या वासाखेरीज काही जाणवलं नाही. मधुवंतीनं मात्र कान लावला नाही. ती तिथंच, निवडलेल्या आणि न निवडलेल्या हळदीच्या मध्ये, जमिनीवर आडवी पडली आणि डोळे मिटले. उकंडरावांनी घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी हातानं सांगितलं, असू द्या.

बराच वेळ ती गेली होती. शालूबाईचे हात चालू होते, मोठं, बारीक, मोठं. दिवा लागत होता, जात होता. मग मधुवंती जमिनीवरूनच, अगदी हळू बोलली.

"चार्जर आपणहून गप होत नाही. त्याला कुणीतरी गप्प बस म्हणतंय."

"कोण?" मी विचारलं.

"मी."

ती उठून बसली. पाठीला हळदीची धूळ. तिनं जे सांगितलं ते मी जसं समजलो तसं सांगतो. डबा जागा होतो तेव्हा लिनक्स चिपचा ताबा घेतं. चार्जरशी आधी काय ठरलं होतं हे त्याला माहीत नसतं. मग ते दोन प्रकारे वागू शकतं. एक, हळूच विचारायचं, बाबा, तू काय देऊ शकतोस ते परत सांग. दुसरं, ओरडायचं, सगळं विसर, पहिल्यापासून. ओरडलं की चार्जरला नियमानं क्षणभर वीज बंद करावी लागते. ज्याच्या पोटात बॅटरी आहे त्याला त्या क्षणाचं काही वाटत नाही. पण बॅटरी शून्यावर असली तर तो सगळा त्या तारेवरच जगत असतो. उठायचं, बारा सेकंदांत शुद्धीवर यायचं, आणि पहिली गोष्ट काय, तर ज्याच्या हातावर उभे आहोत त्यालाच हात काढ म्हणायचं. आणि बारा सेकंदांत बॅटरीत भरणार तरी किती.

"ओरडायची परवानगी मी लिहून दिलीय," ती म्हणाली. "फायलीत एक ओळ आहे, सेल्फ-पॉवर्ड. याची स्वतःची वीज आहे, असं मी लिनक्सला सांगितलं. मला वाटलं, बॅटरी आहे म्हणजे आहे. माझ्या टेबलावर ती कधी संपलीच नाही. कळमनुरीत जन्मले, घरात सगळे फोन मरेपर्यंत वापरतात, आणि मला सुचलं नाही."

तिनं डब्यातलं मेमरी कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, ती एक ओळ खोडली. एवढंच काम. मला वाटत होतं काही तरी मोठं निघेल. एक ओळ, तीही पुसायची. कार्ड परत बसवलं आणि केबल शालूबाईच्या हातात दिली. "तुम्हीच लावा."

दिवा लागला. उकंडरावांची बोटं वर. दहा, अकरा, बारा. तेरा. चौदा. शालूबाईनं मान वाकडी केली.

"शीळ बदलली," ती म्हणाली. "गेली न्हाई. जरा वर गेली."

"नऊ व्होल्ट," मधुवंती म्हणाली आणि तोंड फिरवून ओढणीनं नाक पुसलं.

डबा पूर्ण जागा झाला. उकंडराव कळफलकाकडं पाहत राहिले, बोट ठेवेनात.

"बोला की आता," शालूबाई म्हणाली. "काहून गप?"

मग डब्यातून त्यांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा. "नऊ. दिस. तूच. बोलत. होती." थोडं थांबून, "आता. माझी. बारी." शालूबाई हसली, तोंडावर पदर घेऊन, नवीन नवरीसारखी. आणि परत, बोट फार हळू चालवत, "डबा. तू. न्हाई. मारला."

हातातलं हळकुंड कुठल्या ढिगात टाकायचं ते शालूबाईला बराच वेळ ठरवता आलं नाही.

मधुवंतीनं तिथंच, ओसरीत बसून अहवाल लिहिला. शालूबाई म्हणाली, "काय लिवून राहिली, वाचून दाखव." तिनं वाचलं. चूक वापरणाऱ्याची नाही, चूक फायलीतल्या एका ओळीची आहे, ती ओळ मी लिहिली, ती एकवीस डब्यांतही आहे आणि सगळ्यांतून काढावी लागेल. मी म्हटलं, "तुझं नाव एवढं ठळक कशाला? हे पुण्यावाले उद्या तुझ्यावरच उलटतील." ती म्हणाली, "मग माझी चूक काकूंच्या नावावर राहील भाऊ."

खाली तिनं आणखी एक ओळ घातली. त्यांच्या कामात रिवाज आहे, दुरुस्ती लिहिली की चूक कुणी दाखवून दिली त्याचं नाव खाली टाकायचं. तिनं लिहिलं: शालूबाई, पुसेगाव. आणि अहवाल तिथूनच पुण्याला पाठवला.

"हे कुठं जाणार?" शालूबाईनं विचारलं.

"सगळीकडं. ही दुरुस्ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली असते, जो कुणी ती उघडेल, जगात कुठंही, त्याला तुमचं नाव दिसेल."

"मला दिसणार न्हाई ते लोकाला दिसणार व्हय."

दुपार कलताना पुण्याचा फोन आला. या वेळी मी तो घेतलाच नाही, मधुवंतीकडं दिला. तो माणूस बराच वेळ काही विचारत होता आणि ती हो, हो म्हणत होती. शेवटी तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "डबा इथंच राहील. आणि ते म्हणतात, बाकीच्या डब्यांची दुरुस्ती झाली की एकेक डबा शून्यावर नेऊन काकूंना ऐकवता येईल का, फोनवर."

शालूबाई काही बोलायच्या आत उकंडरावांचं बोट कळफलकावर गेलं होतं. आम्ही सगळे थांबलो. डबा बोलला, "ऐकल. की. पण. दुपारी. न्हाई." थोडी जागा सोडून पुढं आलं, "दुपारी. ती. माझं. ऐकते."